आधी गयाबाईला वाचून दाखवा

यंदाही जिल्ह्याचा वाढदिवस झाला. मी आता नांदेडला मुलाकडं असतो, पण लातूरचा पेपर मुलाच्या मोबाइलवर येतो आणि मी चष्मा लावून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. जन्माची खोड, जाते कुठं! जिल्हा कुणी आणला त्यांची नावं दरवर्षी छापून येतात. दरवर्षी त्यात एखादं नवं नाव वाढतं. त्यातले काही जण तेव्हा चड्डीत असतील, पण आणला म्हणतात जिल्हा. मन्मथ अप्पांचं नाव मात्र त्यात कधीच नसतं. आधी माझ्या डोक्यात सणक जायची. आता वाटतं, नाही तेच बरंय. असतं तर अप्पांनी स्वतः येऊन ते खोडलं असतं.

अप्पा म्हणजे लातूरच्या 'घमेलं' साप्ताहिकाचे संपादक, मालक, वार्ताहर आणि सायकलवरून अंक वाटणारेही तेच. मी त्यांचा कंपोझिटर, यूसुफ, मूळचा लोह्याचा. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं शिशाच्या खिळ्यांत जुळवलं. स्वतःचं चार ओळींचं लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा कुठं घसरलो तर सांभाळून घ्या.

पेपराच्या नावाला लोक हसायचे. "अप्पा, पेपराला असलं नाव असतं का? मशाल ठेवा, क्रांती ठेवा." अप्पा म्हणायचे, "मशाल कुणाच्या डोक्यावर बघितली का तुम्ही? घमेलं बघितलंय ना? मग झालं तर."

माणूस उंच, काटक, आवाज असा की आत छपाईचं ट्रेडल मशीन धडधडत असताना बाहेर रस्त्यावर ऐकू यावा. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्याला रुमाल, मडगार्ड नसलेली सायकल. लिंगायत घरातला, पण गळ्यातलं लिंग केव्हाच काढून ठेवलेलं. कपाळावर भस्माचे पट्टे मात्र रोज, कारण म्हाताऱ्या आईला बरं वाटायचं. वाटणीला आलेली काळी जमीन विकून त्यांनी जुनं ट्रेडल घेतलं, तेव्हा भावांनी बोलणं टाकलं. खडकवाडीच्या बौद्ध वस्तीत बसून जेवायला लागले, तेव्हा भावकीनं पंगतीला बोलवणं सोडलं. अप्पा म्हणाले, "बरं झालं, त्यांच्या वरणात मीठच नसतं."

भांडण हा त्यांचा पोटापाण्याचा धंदाच होता म्हणा. एका पक्षानं त्यांना काढलं, दुसऱ्यातून ते स्वतः शिव्या देत निघाले, तिसरा यांना घ्यायला तयार नव्हता. पुण्याकडून मोठमोठे पुढारी मजुरांवर भाषणं द्यायला यायचे. अप्पा पहिल्या रांगेत बसायचे आणि मधेच उठून विचारायचे, "साहेब, तुमच्या शेतावरच्या सालगड्याला पगारी सुट्टी किती?" मग आयोजक धावायचे, अप्पांना दंडाला धरून बाहेर काढायचे, आणि अप्पा जाता जाता माईकच्या वर आवाज काढायचे. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय.

चहाशी त्यांचं वैर होतं. कुणाच्या घरी गेले आणि कपबशी पुढं आली की हात मागं. "चहा म्हणजे मुकादमाचा वकील आहे, यूसुफ," असं म्हणायचे. कारणही होतं. दुष्काळी कामावर हप्ता लांबला आणि बायका कमरेला पदर खोचून उठल्या की मुकादम लगेच तीन दगडांवर पातेलं चढवायचा. घोट घोट गोड पाणी पोटात गेलं की बायकांचा आवाज खाली यायचा, आणि मागणी पुढच्या बाजारावर जायची. "उपाशी पोटाला गोड लावलं की ते गप्प बसतं. मला गप्प बसायचं नाही," असं म्हणत हा माणूस तांब्याभर पाणी प्यायचा आणि पुन्हा बोलायला लागायचा. प्रेसमध्ये मी चहा प्यालो तरी मला ऐकवायचे. मी पीत राहिलो.

आता खरी गोष्ट सांगतो, जिनं माझा जीव खाल्ला.

बहात्तरचा दुष्काळ. विहिरी तळाला गेलेल्या, घराघरांत त्या अमेरिकेच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. माळावर माणसंच माणसं, खडी फोडतायत, तलावाची माती उपसतायत. अप्पा दिवसभर सायकलवर या कामावरून त्या कामावर. संध्याकाळी येऊन मजकूर लिहायचे, मी जुळवायचो. शिशाचा एकेक उलटा खिळा खणातून उचलायचा, हातातल्या पट्टीत लावायचा, ओळ झाली की पुढची. जुळवून झालं की शाई फिरवून कागदाच्या लांब पट्टीवर कच्चा छाप काढायचा, त्याला प्रूफ म्हणतात. कुठंही संपादक ते प्रूफ टेबलाशी बसून तपासतो. आमचा संपादक ओलं प्रूफ रुमालात गुंडाळायचा, सायकल काढायचा आणि ज्यांच्यावर लिहिलंय त्यांना वाचून दाखवायला माळावर जायचा. भाकरीच्या सुट्टीत, खडीच्या ढिगावर उभं राहून, मोठ्यानं. आणि विचारायचा, "बोला, काय काढायचं?"

काढायला बसलेलीच असायची गयाबाई. खडकवाडीची, अप्पांच्याच वयाची, नवरा मागंच गेलेला, दोन पोरं पदरात. तंबाखूची चिमूट गालात धरून, डोळे मिटून ऐकायची. पहिल्याच वेळी अप्पांनी लिहिलं होतं, 'बिचाऱ्या मजूर भगिनी रडत रडत आपली व्यथा सांगू लागल्या.'

गयाबाई म्हणाली, "बिचारी कोन?"

"म्हणजे तुम्ही सगळ्या."

"काढा ते. आन् रडलं कोन? आमी त्या मुकादमाला शिव्या दिल्या. लई दिल्या. त्या छापा."

अप्पा प्रेसमध्ये आले ते खुशीत. "यूसुफ, मजकूर फोड. बिचाऱ्या काढ, रडणं काढ, शिव्या घाल."

"अप्पा, पान बांधून झालंय! शिव्या कुठं घालू?"

"रडण्याच्या जागी."

हसू नका. एक शब्द काढला की ओळ सरकते, ओळ सरकली की परिच्छेद, आणि शेवटी अख्खा कॉलम पुन्हा बांधावा लागतो. हे एकदा नाही, दर अंकाला. मी म्हणायचो, "अप्पा, अल्लाच्या वास्ते एकदा तरी कोरं प्रूफ आणा. एकही दुरुस्ती नसलेलं. मी पीराला नवस बोललोय." अप्पा म्हणायचे, "पीराला सांग, आधी गयाबाईला वाचून दाखव." त्या शिव्या मात्र मी जुळवल्या. आमच्या भागात 'घमेलं' मजूर वस्तीत मोठ्यानं वाचलं जायला लागलं ते तिथून.

एकदा एका बड्या पुढाऱ्याची जाहिरात आली. नाव सांगत नाही, नातवंडं आता राजकारणात आहेत. पहिल्या पानावर वाढदिवसाचा फोटो, खाली 'गोरगरिबांचे कैवारी, दुष्काळातील देवमाणूस' वगैरे. प्रेसला कागद आणायची पंचाईत होती, मला वाटलं चला, चार अंक निघतील. अप्पांनी प्रूफ रुमालात गुंडाळलं.

"अप्पा, ही जाहिरात आहे! जाहिरात पण वाचून दाखवायची?"

"गोरगरिबांवर लिहिलंय ना? मग गोरगरिबांना विचारायला नको?"

माळावर काय झालं ते मी दुसऱ्यांकडून ऐकलं. बायका हसून हसून आडव्या पडल्या. 'कैवारी' काढा म्हणाल्या, 'देवमाणूस' काढा म्हणाल्या. एक म्हणाली फोटो बी काढा, तर गयाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या फोटो, मानूस हाय म्हनून तरी कळंल." अंक निघाला. पहिल्या पानावर भला मोठा फोटो, खाली नुसतं नाव, आणि बाकी सगळी जागा पांढरी. त्यानंतर आम्हाला जाहिरात म्हणून आली नाही. प्रेसची काच मात्र फुटली, आणि पुढं आम्ही तिथं पत्रा ठोकला.

दुष्काळ सरला, पण गयाबाईचा प्रश्न सरला नाही. खडकवाडीच्या कडेला गायरान होतं, दगडगोट्याचं. वस्तीतल्या घरांनी हातानं गोटे वेचून ते वहितीला आणलं होतं. ज्वारी, तूर, थोडी करडई. शेत त्यांचं, घाम त्यांचा, कागदावर नाव कुणाचंच नाही. एवढंच हवं होतं त्यांना, सातबाऱ्यावर नाव. बाकी काही मागितलं नाही कधी. गयाबाई अप्पांना म्हणायची, "दुसऱ्याच्या बांधावर जलमली, दुसऱ्याच्या बांधावर खपली. मरताना तरी माज्या मातीत मरू द्या." अप्पांनी तो लढा अंगावर घेतला. अंगावर म्हणजे पोटच्या पोरासारखा.

पण लातूर तेव्हा नुसता तालुका, जिल्ह्याचं ठिकाण लांब. पहाटेची एस.टी. धरायची, रोज बुडवायचा, तिथं पोचावं तर साहेब दौऱ्यावर. पुन्हा जावं तर साहेबांची बदली. एकदा गयाबाईला तिथल्या स्टँडवर रात्र काढावी लागली आणि घरी शेळी मेली. ती शेळी अप्पांच्या मनाला फार लागली. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं, की माणसं वाईट नाहीत, अंतर वाईट आहे. कचेरी जवळ आली की न्याय जवळ आला. लातूर जिल्हा झालाच पाहिजे! वर्षामागून वर्ष, अंकामागून अंक, तेच. मीटिंगा, मोर्चे, उपोषण. उपोषणात तब्येत ढासळली तर डॉक्टर म्हणाले, निदान चहा घ्या. घेतला नाही!

त्या जिल्ह्यावरचा पहिला लेखही रीतीप्रमाणे गेला माळावर. त्या दिवशी मागचा अंक वाटायला मीही सोबत होतो. अप्पांनी वाचला. 'जिल्हा होईल, साहेब हाकेच्या अंतरावर येईल, आधी मोजणी होईल, मग सातबारा होईल.' बायकांनी माना डोलावल्या. अप्पांनी विचारलं, "बोला, काय काढायचं?"

गयाबाई म्हणाली, "काढायचं काय न्हाई. एक घालायचं हाय. येवढे साहेब येतील म्हन्ता, तर ते ऱ्हातील कुठं?"

बायका खो खो हसल्या. "तुज्या खोपटात ऱ्हातील गं गया!" कुणीतरी म्हणालं. अप्पाही हसले. "बंगल्यात राहतील, अजून कुठं?" आणि प्रूफ गुंडाळलं. ते वाक्य त्यांनी लेखात घेतलं नाही. मजकूर फोडावा लागला नाही म्हणून मी खूश, आणि तो प्रश्न तिथंच माळावर राहिला. गयाबाईच्या मनातही काही नव्हतं. नंतर ती मला म्हणाली होती, "मी आपली मस्करी केली व्हती, यूसुफभाई. मला काय ठावं."

आणि जिल्हा झाला. काय दिवस होता तो! फटाके, गुलाल, पेढे. अप्पा, ज्यांना मी कधी नाचताना बघितलं नव्हतं, ते बँडपुढं धोतर सावरत नाचले. तुम्हाला सांगतो, म्हातारा वेडा दिसत होता आणि सुंदर दिसत होता. मग पेढ्यांचा पुडा सायकलला बांधून खडकवाडीला. "जयभीम गयाबाई, आलाय तुमचा साहेब हाकेच्या अंतरावर! आता मोजणी येणार."

आणि मोजणी आली की! पुढच्याच सुगीच्या आधी जीप आली, साखळी घेतलेली माणसं उतरली. वस्ती आनंदानं पागल झाली. अप्पांनी लिहिलं होतं तसंच चाललं होतं ना, आधी मोजणी, मग सातबारा. कुणी कशाला विचारेल? गयाबाईनं पिठलं-भाकरी केली, मिरचीचा ठेचा केला, मोजणीवाल्यांना बोरीच्या सावलीत बसवून वाढलं. "जेवा भाऊ, लई वर्सं वाट बघितली तुमची." तिच्या पोरांनी चुन्याची टोपली धरली. हद्द कुठून कुठं ते बायकांनी बोट दाखवून सांगितलं. आणि साखळीचं एक टोक धरायला माणूस कमी पडत होता, तर ते टोक कुणी धरलं? आमच्या अप्पांनी. रुमाल डोक्याला घट्ट बांधून, तुरीच्या ओळींमधून, "ओढा, ओढा, अजून ताणा," करत. मोजणीवाले जेवले, हात धुतले, गयाबाईला 'मावशी' म्हणाले आणि गेले.

जमीन मोजली होती ती साहेब लोकांच्या घरांसाठी. एका खात्याच्या लोकांनी सोसायटी काढली होती. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, बाहेरगावाहून आलेली माणसं, ती राहतील कुठं? गायरान सरकारी, मोकळं दिसत होतं. तुरीला मोकळं म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

अप्पा नव्या कचेरीत गेले. मी बरोबर होतो. साहेब जागेवर होते, दौऱ्यावर नव्हते. उठून उभे राहिले, खुर्ची दिली. "या अप्पा! तुमच्यासारख्यांमुळंच तर आम्ही इथं आलो." मग फाइल उघडली, मिटली, नियम सांगितला आणि नाही म्हणाले. इतकं गोड 'नाही' मी आयुष्यात ऐकलं नाही. पूर्वी हेच ऐकायला दिवस मोडायचा, एस.टी. लागायची. आता चालत जाऊन अर्ध्या तासात परत. शिपायानं चहा आणला. अप्पांनी तो टेबलावर तसाच ठेवला, साय धरेपर्यंत त्याच्याकडं बघत बसले, आणि उठले. जिना उतरताना म्हणाले, "यूसुफ, साखळी मी धरली रे."  

ते मग हरत हरत लढले. जीपपुढं आडवे झाले, दोन दिवस कोठडीत राहून आले, कोर्टात गेले. ज्यांनी जिल्ह्याच्या मोर्चात अप्पांचे पाय धरले होते, त्यातल्या दोघांनी सोसायटीच्या कडेला प्लॉट घेऊन ठेवले होते. अप्पा विकासाच्या आड येतात, असं तेच लोक सभेत बोलले. हरामखोर! लिहितोय, खोडणार नाही. उभी तूर नांगरली. खडकवाडीची वस्तीही उठवून नाल्याच्या पलीकडं घातली.

पुढं वर्षभरानं अप्पा गेले. मातीला मी होतो, भाऊही आले होते, सगळं रीतसर झालं. पण अप्पा म्हटलं की मला ते दिसत नाहीत. मला त्याच्या आधीची एक दुपार दिसते.

अप्पांनी शेवटचा लेख लिहिला होता. तेव्हा माहीत नव्हतं शेवटचा म्हणून. मी प्रूफ काढलं. गुडघे गेले होते, सायकल चालवणं होत नव्हतं, म्हणून मी त्यांना माझ्या कॅरिअरवर बसवून नेलं. कुठं? गायरानावर. साहेबांच्या बंगल्यांच्या भिंती छातीइतक्या आल्या होत्या. आणि भिंतींना विटा-माल कोण वाहत होतं? खडकवाडीच्या बायका. ठेकेदारानं त्यांनाच बोलवलं होतं, लांबून मजूर आणायला नको म्हणून. जिथं तिची तूर होती तिथं गयाबाई डोक्यावर घमेलं घेऊन चालत होती. केस सगळे पांढरे झालेले.

भाकरीची सुट्टी झाली. अप्पा विटांच्या ढिगाला टेकून उभे राहिले आणि वाचायला लागले. आवाज तो राहिला नव्हता. 'जिल्हा मी मागितला. गयाबाईनं विचारलं होतं, साहेब राहतील कुठं. मी हसलो आणि ते छापलं नाही. मोजणीची साखळी मी धरली.' असा तो लेख, शेवटपर्यंत स्वतःवरच ओढलेला. वाचून झालं. अप्पांनी चष्मा काढला.

"बोला. काय काढायचं?"

कुणी काही काढलं नाही. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. बायका भाकरीकडं बघत चावत होत्या.

"गयाबाई?"

"बराबर हाय, अप्पा. छापा."

"यात शिव्या नाहीत."

"कुनाला द्यायच्या?"

"मला द्या की. मला द्या, मी छापतो."

गयाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तुमाला कशापायी देऊ, अप्पा? बसा. उन्हाचं आलात. जरा टेका."

अप्पांनी ते प्रूफ माझ्या हातात दिलं. कोरं होतं. एक काना इकडचा तिकडं करायचा नव्हता. जे मी पीराकडं मागितलं होतं ते मिळालं, आणि मला तिथंच ओरडून रडावंसं वाटलं. मी ते गुंडाळलं, सायकलला अडकवलं आणि वळून बघितलं.

मुकादम किटली घेऊन फिरत होता. गयाबाईनं आपल्या वाटणीचा पेला अप्पांपुढं धरला. मला वाटलं आता हात मागं जाईल. अप्पा ढिगावर बसले होते, डोक्याचा रुमाल गळ्यात आलेला. त्यांनी दोन्ही हातांनी पेला घेतला, फुंकर मारली आणि प्यायले, सावकाश, घोट घोट, खालपर्यंत.

"अप्पा, आणखी ओतू का?" मुकादमानं लांबूनच विचारलं.

अप्पांनी पेला पुढं केला.